वेदनासंवेदनशीलता आणि आनुवंशिकता

वेदनासंवेदनशीलता आणि आनुवंशिकता : सारख्याच इजेने सर्व माणसांना सारखेच दुखते असे नाही. शरीराला इजा करणाऱ्या किंवा इजा होण्याचा संभव निर्माण करणाऱ्या उद्दीपनाला एखादी व्यक्ती किती लवकर व किती तीव्रतेने वेदनेच्या रूपाने प्रतिसाद देते, त्या प्रमाणाला तिची वेदनासंवेदनशीलता म्हणतात. वय, लिंग, झोप, भीती, पूर्वीचे आजार आणि संगोपन यांचा तिच्यावर परिणाम होतो. त्याचप्रमाणे आईवडिलांकडून मिळालेल्या जीनांचाही (गुणसूत्रांवरील आनुवंशिक घटकांचाही) होतो. आनुवंशिकतेचा हा परिणाम मुख्यतः दोन ठिकाणी घडतो. पहिले ठिकाण म्हणजे इजेचे मूळ : ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांना) किती वेळा व कितपत इजा व्हावी हे काही जीन ठरवितात. दुसरे म्हणजे तंत्रिका तंत्र : त्या इजेचा संदेश किती जोराने मेंदूपर्यंत जावा हे दुसऱ्या काही जीनांवर अवलंबून असते. खानदेशच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, आढळणाऱ्या दात्र-कोशिका रोगात (सिकल सेल रोगात) हे दोन्ही परिणाम एकाच रोग्यात एकत्र आलेले दिसतात. त्यामुळे प्रस्तुत विषय समजून घेण्यास तो रोग विशेष उपयुक्त आहे.

वेदनेचे मोजमाप : ताप मोजावा तशी वेदना बाहेरून मोजता येत नाही. प्रयोगशाळेत दोन गोष्टी मोजतात. उष्णता, थंडी किंवा दाब हळूहळू वाढवीत नेला असता ‘आता दुखू लागले’ असे व्यक्ती ज्या बिंदूला म्हणते, तो वेदनेचा उंबरठा आणि ‘आता सोसवत नाही’ असे म्हणते ती सहनमर्यादा. उंबरठ्याच्या बाबतीत माणसे बरीच सारखी असतात. सहनमर्यादेत मात्र फार तफावत पडते. हात बर्फाच्या पाण्यात धरून ठेवण्याची कसोटी त्यासाठी नेहमी वापरली जाते.

नॉर्वेतील जुळ्या व्यक्तींच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत थंडीने होणाऱ्या वेदनेतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकाचा सु. ६०% भाग आनुवंशिक असल्याचे, तर उष्णतेने होणाऱ्या वेदनेत तो सु. २६% असल्याचे दिसून आले. या आकड्यांचा अर्थ नेहमी चुकीचा लावला जातो. एका माणसाच्या दुखण्यातील ६०% दुखणे जीनांमुळे असते, असा तो अर्थ नव्हे. त्या विशिष्ट गटात माणसामाणसांत जो फरक पडला, त्या फरकाचा तेवढा हिस्सा जीनांतील फरकाशी निगडित होता, एवढेच त्यातून कळते. थंडीच्या व उष्णतेच्या वेदनेवर परिणाम करणारे जीन बऱ्याच अंशी निरनिराळे असावेत, असेही त्या पाहणीत आढळले. म्हणजे ‘काटक’ आणि ‘नाजूक’ अशी माणसांची सरसकट विभागणी करण्यास शास्त्राचा आधार नाही. चटका सहज सोसणारा माणूस गारठ्याने कळवळू शकतो.

मराठीत या भेदांसाठी शब्दांची वाण नाही. कळ, ठणका, चमक, सणक, शूळ, ठुसठुस, चुरचुर, सल ही एकाच गोष्टीची नावे नव्हेत. त्यांतील काहींना शारीरक्रियाविज्ञानात वेगवेगळे आधार आहेत आणि रोग्याने वापरलेला नेमका शब्द निदानास उपयोगी पडतो.

वेदनेचा मार्ग : त्वचा, सांधे, अस्थी व अंतस्त्ये यांत तंत्रिकांची उघडी टोके पसरलेली असतात. अतिउष्णता, दाब किंवा दुखावलेल्या ऊतकातून बाहेर पडणारी रसायने यांमुळे या टोकांच्या पटलातील सूक्ष्म मार्ग उघडतात, विद्युत् भारित सोडियम कण आत शिरतात आणि संदेश सुरू होतो. पातळ आवरण असलेल्या तंतूंतून तो वेगाने जातो व प्रथम ‘चमक’ जाणवते. आवरण नसलेल्या बारीक तंतूंतून तो सावकाश जातो व मागाहून ‘ठणका’ लागतो. मेरुरज्जूत या संदेशाला एका अर्थी नाके ओलांडावे लागते. मेंदूकडून खाली येणारे तंतू व शरीरात तयार होणारी अफूसदृश द्रव्ये तेथे त्याला अडवितात किंवा वाट देतात. मार्गावरील प्रत्येक टप्प्याचे काम कोणते तरी प्रथिन करते आणि प्रत्येक प्रथिनामागे एक जीन असतो. साहजिकच फरक पडण्याच्या जागा पुष्कळ आहेत. [⟶ तंत्रिका तंत्र].

तिखटाची आग हे याचे घरगुती उदाहरण होय. मिरचीतील कॅप्सायसीन हे द्रव्य तंत्रिकाग्रांवरील टीआरपीव्ही१ नावाच्या ज्या प्रथिनाला चेतविते, तेच प्रथिन सु. ४३° से.च्या वरच्या उष्णतेनेही चेतविले जाते. म्हणूनच तिखट ‘भाजते’. डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये याचा शोध लावला व २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत मिळाले. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ आणि खानदेशी शेवभाजीचा झणका सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथील माणसाला तिखट सोसते ते वेगळ्या जीनांमुळे, असे समजणे बरोबर नाही. कॅप्सायसीन वारंवार लागल्याने तीच तंत्रिकाग्रे बोथट होतात. अशा बाबतीत सवयीचा वाटा मोठा असतो आणि सवय आनुवंशिक नसते.

एका जीनाचे मोठे परिणाम : वेदना आनुवंशिक घटकांवर अवलंबून असते याचा सर्वांत ठळक पुरावा अतिशय दुर्मिळ कुटुंबांतून मिळाला. उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. हातातून सुरी आरपार घालणे, निखाऱ्यांवरून चालणे हे त्याचे खेळ. त्याला वेदना होतच नसत. घराच्या छपरावरून उडी मारल्याने चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो मरण पावला. त्याच्या नात्यातील तीन कुटुंबांचा अभ्यास करून २००६ मध्ये असे दाखविण्यात आले की, या लोकांत एससीएन९ए हा जीन दोन्ही बाजूंनी निकामी झालेला होता. हा जीन वेदनातंतूंतील एक सोडियम मार्ग घडवितो. तो मार्ग नसेल, तर संदेश निघतच नाही. अशा व्यक्तींची बुद्धी व स्पर्शज्ञान चांगले असते. मात्र लहानपणी ओठ व जीभ चावली जाते आणि मोडलेले हाड लक्षात येत नाही. त्यांना वासही येत नाही, हे पुढे २०११ मध्ये कळले. याच जीनातील वेगळ्या उत्परिवर्तनांनी (जीनातील आकस्मिक बदलांनी) तो मार्ग गरजेपेक्षा अधिक सहजपणे उघडला, तर उलट प्रकार होतो : थोड्याशा उष्णतेने हातपाय लाल होऊन त्यांची असह्य आग होते. चीनमधील कुटुंबांत हे २००४ मध्ये सिद्ध झाले. एकाच जीनाच्या दोन टोकांना वेदनेचा पूर्ण अभाव आणि वेदनेचा अतिरेक असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वेदना नसणे हे वरदान नव्हे, हे सांगण्यास दूरची उदाहरणे नकोत. कुष्ठरोगात तंत्रिका नष्ट झाल्याने हातापायांना भाजल्याचे किंवा काटा रुतल्याचे कळत नाही आणि त्यातूनच बोटे झडतात. हा अभाव मात्र आनुवंशिक नसून जंतूंमुळे आलेला असतो.

सर्वसाधारण लोकांमधील फरक अशा एखाद्या जीनाने पडत नाहीत. पुष्कळ जीनांचे बारीकसारीक भेद त्यांस कारण होतात. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणाऱ्या एंझाइमाचा सीओएमटी हा जीन, तसेच तंत्रिकांना संवेदनशील करणाऱ्या एका द्रव्याच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवणारा जीसीएच१ हा जीन यांचा बराच अभ्यास झाला आहे. जीसीएच१ च्या एका प्रकारामुळे पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना कमी राहते, असे २००६ मध्ये आढळले. परंतु अशा निष्कर्षांची सर्वच गटांत सारखी पुष्टी झालेली नाही. सीओएमटी विषयी प्रारंभी व्यक्त झालेला उत्साह नंतरच्या मोठ्या पाहण्यांत बराच ओसरला. रक्ताची चाचणी करून ‘या माणसाला किती दुखेल’ हे सांगण्याची पद्धत आज उपलब्ध नाही.

खानदेशातील दात्र-कोशिका रोग : जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (जळगाव) व पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबारमध्ये सु. ६९%, धुळ्यात सु. ३२% व जळगावात सु. १४% होते. जळगावचे चोपडे, यावल व रावेर, धुळ्याचे शिरपूर व साक्री आणि नंदुरबारचे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे, शहादे व नवापूर या तालुक्यांत भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा, मावची इ. समाजांची वस्ती आहे.

दात्र म्हणजे विळा. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिका प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात. शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा कोशिकांचे प्रथम वर्णन केले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा हीमोग्लोबिनाच्या रेणूचा रोग असल्याचे दाखविले आणि पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल येते, एवढाच तो फरक असल्याचे सिद्ध केले. भारतात निलगिरीतील आदिवासी आणि आसामातील चहामळ्यांतील मजूर यांच्यात १९५२ मध्ये तो प्रथम आढळला. नागपूर भागातील नोंद १९५८ ची आहे. महाराष्ट्रातील प्रसाराचा आढावा श. ल. काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात विदर्भ आणि खानदेशचा सातपुडा पट्टा हे मुख्य प्रदेश ठरले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओटकर यांच्यात दात्र-हीमोग्लोबिनाचे प्रमाण २० ते ३५% आढळले. विदर्भात हा जीन आदिवासींपुरता मर्यादित नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

एकाच पालकाकडून हा जीन मिळालेली व्यक्ती ‘वाहक’ असते. हिवतापापासून (विशेषतः बालपणी) वाहकाला काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. हिवतापग्रस्त वनप्रदेशात हा जीन टिकून का राहिला याचे ते उत्तर होय. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रोगी असण्याचा संभव २५%, वाहक असण्याचा ५०% आणि जीनमुक्त असण्याचा २५% असतो. वाहकाला सहसा वेदनेचे झटके येत नाहीत. चाचणीत ‘सिकल’ निघाला म्हणून वाहकाच्या प्रत्येक सांधेदुखीचे खापर त्यावर फोडले, तर सांध्याचा खरा विकार तसाच राहून जातो.

वेदनेचा झटका : प्राणवायू सोडून दिलेले दात्र-हीमोग्लोबिन कोशिकेच्या आत एकमेकांना चिकटून लांब दोरे बनविते. कोशिका ताठर होते, बारीक केशवाहिन्यांत अडकते आणि पुढील ऊतकाला रक्त मिळत नाही. अस्थिमज्जेत असे झाले की, हाडात ठणका सुरू होतो. कंबर, मांड्या, छाती व दंड या नेहमीच्या जागा होत. तान्ह्या मुलांत हातापायांची बोटे सुजून येणे हे पहिले लक्षण असू शकते. मूल हात लावू देत नाही, पाय टेकवीत नाही. झटका काही तासांपासून आठवडाभरापर्यंत टिकतो.

दोरे बनण्याचा वेग कोशिकेतील हीमोग्लोबिन किती दाट आहे यावर कमालीचा अवलंबून असतो. दाटपणा थोडा वाढला, तरी वेग कित्येक पटींनी वाढतो. कोशिका केशवाहिनीतून पार होण्यापूर्वी दोरे बनले तर ती अडकते. पार झाल्यावर फुप्फुसात प्राणवायू मिळून ती पूर्ववत होते. शरीरातील पाणी कमी होणे इतके घातक का, हे यावरून कळेल. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो. सातपुड्यात हिवाळी रात्री कडक थंडी असते आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. नंदुरबार-धुळ्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात. उन्हातले कष्ट, अपुरे पाणी, उघड्यावरची रात्र आणि हिवतापासारखे ताप हे सर्व झटक्याला निमित्त होतात. जीन तोच राहतो. झटका परिस्थिती आणते.

एक रोग, वेगवेगळ्या वेदना : या रोगाचे मूळ उत्परिवर्तन सर्व रोग्यांत अक्षरशः एकच असते. तरीही वेदनेच्या बाबतीत रोग्यारोग्यांत विलक्षण अंतर असते. अमेरिकेतील ३,५७८ रोग्यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ३९% रोग्यांना पाहणीच्या काळात उपचार घ्यावा लागेल असा एकही झटका आला नव्हता. उलट वर्षाला तीन ते दहा झटके येणारे रोगी जेमतेम ५% असून एकूण झटक्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश झटके त्यांच्या वाट्याला आले होते. वीस वर्षांवरील ज्या रोग्यांना वारंवार झटके येत, त्यांत मृत्यूही लवकर येत असल्याचे दिसले.

या अंतराचे एक कारण गर्भ-हीमोग्लोबिन होय. गर्भावस्थेतील हे हीमोग्लोबिन जन्मानंतर बहुतेकांत जवळजवळ नाहीसे होते. जितके टिकते तितके ते दात्र-हीमोग्लोबिनाचे दोरे बनू देत नाही. भारत व पूर्व अरबस्तान येथील रोग्यांत दात्र-जीन ज्या गुणसूत्र-खंडावर असतो, तो अरब-भारतीय प्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळा आहे. ओडिशातील व सौदी अरेबियातील रोग्यांच्या अभ्यासातून हे १९८६ मध्ये स्पष्ट झाले. या प्रकारात गॅमा जीनाच्या आधी १५८ व्या स्थानी एक छोटा बदल असतो आणि त्याच्या जोडीने गर्भ-हीमोग्लोबिन पुष्कळ, बहुधा १५ ते २५%, टिकून राहते. दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए हा जीन गर्भ-हीमोग्लोबिनाची निर्मिती बंद करण्याचे काम करतो. त्याच्या प्रकारांनीही प्रमाण कमीजास्त होते.

यावरून भारतीय रोग्यांचा आजार सौम्य असतो असे मत पूर्वी रूढ झाले. ते पुरते खरे नाही. दक्षिण गुजरातेतील आदिवासी रोग्यांत बऱ्याच अंशी सौम्यता दिसते, तर नागपूरकडील अनेक मुलांत आजार तीव्र स्वरूपाचा आढळतो. दोहोंचा गुणसूत्र-खंड मात्र एकच. दक्षिण गुजरातेतील आदिवासींत आल्फा-थॅलॅसीमिया हा दुसरा आनुवंशिक दोषही पुष्कळांत असतो. त्यामुळे तांबड्या कोशिका कमी फुटतात व पांडुरोग (रक्तक्षय) सौम्य होतो. परंतु कोशिका अधिक टिकल्याने रक्त दाट होते. दाट रक्त बारीक वाहिन्यांतून कष्टाने वाहते आणि वेदना व मांडीच्या हाडाचा गोल सडणे या दोन गोष्टी कमी होत नाहीत, क्वचित वाढतातही. गर्भ-हीमोग्लोबिनाचेही तसेच आहे. ते सर्व कोशिकांत सारखे वाटले गेले नाही, तर सरासरी चांगली असूनही ज्या कोशिकांच्या वाट्याला ते आले नाही, त्या अडकतातच. थोडक्यात, रक्ताचा अहवाल चांगला असलेला रोगी वेदनेने तळमळत असू शकतो, आणि त्यात कोणतीही विसंगती नसते.

दुसरे कारण तंत्रिका तंत्राचे. वारंवार झटके आलेल्या रोग्यात मेरुरज्जूतील ते ‘नाके’ जणू उघडेच राहते. साधा स्पर्श किंवा गारवाही दुखू लागतो आणि झटका ओसरल्यावरही दुखणे राहते. येथे वेदनामार्गातील जीनांचे भेद पुढे येतात. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रोग्यांत जीसीएच१ च्या एका प्रकाराचा झटक्यांच्या वारंवारतेशी संबंध २०१४ मध्ये आढळला व तो मुख्यत्वे स्त्रियांमध्ये होता.

तथापि येथेही जीन हे संपूर्ण उत्तर नाही. जमेकात हा रोग असलेल्या एकसारख्या जुळ्यांचा एक छोटा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. या जोड्यांची वाढ व रक्ताची मापे एकमेकांशी चांगलीच जुळत होती. वेदनेचे झटके मात्र जुळले नाहीत. सर्व जीन सारखे असलेल्या दोन भावंडांतही वेदना वेगवेगळी राहिली.

सोसणे आणि न दुखणे : ‘आदिवासी मुळातच काटक, त्यांना फारसे दुखत नाही’ असे विधान सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येते. त्याला आनुवंशिकीचा काडीचाही आधार नाही. वेदना व्यक्त करण्याची रीत समाजासमाजांत वेगळी असते. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रोग्याला प्रमाण मराठीतील शब्द परके वाटतात. रोजंदारी बुडेल म्हणून रुग्णालयाची वाट टाळली जाते. बाहेरगावी तर ओळखही नसते. अमेरिकेतील २३२ प्रौढ रोग्यांनी रोज ठेवलेल्या नोंदींवर आधारित २००८ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक दिवशी (सु. ५५%) वेदना होती, पण त्यांतील फारच थोड्या दिवशी रोगी रुग्णालयात गेले होते. याचा अर्थ रुग्णालयाच्या वहीत उमटते ती वेदनेची फक्त कडा. ज्या भागात रुग्णालय दोन डोंगर ओलांडून असते, तेथे वहीवरून आजार सौम्य ठरविणे कितपत योग्य, याचा विचार वाचकांनीच करावा.

याच्या उलट चूकही घडते. वारंवार येऊन तीव्र वेदनाशामक मागणारा तरुण रोगी ‘सोंग करतो’ किंवा त्याला औषधाची चटक लागली, असा संशय घेतला जातो. कारण या झटक्यात बाहेरून दिसणारी खूण बहुधा काहीच नसते. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या वेदनेच्या व्याख्येत २०२० मध्ये दुरुस्ती केली. तिच्या टिपणात वेदनेविषयी व्यक्तीने जे सांगितले त्याचा आदर राखावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आनुवंशिकीतील वरील निष्कर्षांचा रोख त्याच दिशेने आहे. बाहेरून सारखे दिसणारे दोन रोगी आतून सारखे असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येकाचे सांगणे हेच मोजमाप धरावे लागते. लहान मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून वेदना मोजण्याची पद्धत वापरतात. तिला भाषेची अडचण कमी येते.

औषधे व जीन : वेदनाशामक औषधाचा परिणामही आनुवंशिक भेदांवर अवलंबून असतो. कोडीन हे औषध स्वतः फारसे काम करीत नाही. यकृतातील सीवायपी२डी६ या एंझाइमामुळे त्याचे मॉर्फीन बनते. काहींत हे एंझाइम निष्क्रिय असल्याने कोडिनाने गुण येत नाही. काहींत ते अतिक्रियाशील असल्याने नेहमीच्या मात्रेनेही श्वास मंदावण्याचा धोका असतो. बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा आदेश अमेरिकेत २०१७ मध्ये काढण्यात आला. तेव्हा ‘एवढे औषध देऊनही दुखते कसे?’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी रोग्याच्या स्वभावात नसून त्याच्या यकृतात असते.

तीव्र झटक्यात मॉर्फीन हे मुख्य औषध होय. भारतात १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची पद्धत सोपी केली. झटके टाळण्यासाठी हायड्रॉक्सियूरिया हे औषध गर्भ-हीमोग्लोबिन वाढविते. म्हणजे काही रोग्यांना जीनांनी जन्मतः जे दिले, तेच ते इतरांना काही अंशी मिळवून देते. १९९५ च्या चाचणीत ते घेणाऱ्या रोग्यांत झटक्यांचे वार्षिक मध्यक प्रमाण २.५ होते, तर न घेणाऱ्यांत ४.५. भारतीय रोग्यांत शरीराच्या दर किग्रॅ. वजनास १० मिग्रॅ. एवढी कमी मात्राही बऱ्याच जणांस पुरते. रक्ताची वेळोवेळी तपासणी मात्र करावी लागते.

बीसीएल११ए जीनाचे काम रोग्याच्या स्वतःच्या मज्जाकोशिकांत बंद पाडून गर्भ-हीमोग्लोबिन पुन्हा सुरू करण्याच्या उपचारास ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सु. २२ लक्ष डॉलर ठेवण्यात आली. एससीएन९ए च्या शोधानंतर सोडियम मार्ग बंद करणाऱ्या औषधांचा शोध जोराने सुरू झाला. त्याच्या जवळच्या दुसऱ्या एका मार्गावर काम करणारे सुझेट्रिजीन हे अफूवर्गात न मोडणारे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तीव्र वेदनेसाठी मान्य झाले.

भारतात दात्र-कोशिका रोगाचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये झाला असून १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सु. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे प्रारंभीचे लक्ष्य आहे. तपासणीत प्रथम विद्राव्यता चाचणी करतात व ती सदोष निघाल्यास विद्युत् संचारण किंवा वर्णलेखन पद्धतीने वाहक व रोगी वेगळे ओळखतात. तपासणीनंतर हाती येणाऱ्या कार्डावर हीमोग्लोबिनाचा प्रकार लिहिलेला असतो. त्या रोग्याला यंदा किती रात्री झोप लागली नाही, हे मात्र त्याला विचारूनच कळते.